निंजा गायडेन रेजबाउंड: टीव्हीवर उडी उशिरा बसते, नेमकं कुठं अडतंय?

अंमळनेर_प्लेअर_टू

राम राम मंडळी. रेजबाउंड घेतलाय, जुलै २०२५ला आलेला पिक्सेलवाला निंजा गायडेन. कॅसेटच्या जमान्यातल्या मूळ गेमच्या चालीवरच बनवलाय: आडवा सरकणारा पडदा, उड्या, भिंती, तलवार. गेम फक्कड आहे, पण माझ्या जोडणीत काहीतरी गडबड आहे.

सामान असं: जुना लॅपटॉप, आठव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. एचडीएमआय वायरनं ४३ इंची फोर-के टीव्हीला जोडलाय. कंट्रोलर ब्लूटूथवर.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळलं तर सगळं हातात असतं. टीव्हीवर घेतलं की बटण आत्ता दाबलं आणि केंजी, गेममधला आपला निंजा, नंतर उडाला असं होतं. साधी उडी अंदाजानं निभावते, पण हवेत शत्रूवर पाय देऊन उसळायचं, ते गिलोटिन बूस्ट, टीव्हीवर दहातलं सात वेळा फुकट जातं. चित्रही टीव्हीवर जरा तुटक सरकतं आणि पिक्सेलच्या कडेनं पांढरट रेघ दिसते.

दुसरं, दुपारी खेळायला बसलं की थोड्या वेळानं गेम अडखळायला लागतो. रात्री अकरानंतर तोच गेम मक्खन. आणि शेवटचं, चुलतभाऊ आले की दोघांनी मिळून खेळता येईल असं यात काही आहे का?

जुन्या टीव्ही गेमवर असा उशीर कधी जाणवला नव्हता. तो गेम सोपा होता, की तेव्हा हात तरुण होते?

भुसावळ_जंक्शन

भाऊ, हाताला दोष देण्याआधी टीव्हीला जाणारा सिग्नल बघ. आठव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय १.४ असतं. त्या पोर्टवरून फोर-के चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झनं जातं. टीव्ही फोर-के दिसला की विंडोज परस्पर फोर-के निवडतं, आणि तुला सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं मिळतात. 'तुटक सरकतं' म्हणालास ना, ती याचीच खूण. एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं असायला हवं, ते ३३.३चं होतं, आणि गेममधलं दर दुसरं चित्र तुझ्या डोळ्यापर्यंत येतच नाही.

पहिले हे कर. विंडोज की आणि पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवड. डुप्लिकेटवर ठेवू नको, दोन वेगळ्या पडद्यांना एकाच तालात बांधायला जातं आणि एकाचं तरी बिघडतं. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. वर टीव्हीचं नाव निवडलंय ना बघ. तिथं रिफ्रेश रेट ३० किंवा २९.९७ दिसला तर चोर सापडला.

आता मेख अशी की नुसतं डिस्प्लेच्या पानावर १९२० बाय १०८० केलं तरी काही वेळा डेस्कटॉपच तेवढा होतो, वायरीतून जाणारा सिग्नल फोर-केच राहतो. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर 'डेस्कटॉप मोड' आणि 'अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड' अशा दोन ओळी असतात, दुसरी ओळ खरी धरायची. ती ३८४० बाय २१६० दाखवत असेल तर खाली 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर प्रॉपर्टीज' उघड, 'लिस्ट ऑल मोड्स' दाब आणि यादीतून १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ निवडून ओके कर. हा सिग्नल १.४ पोर्टला जड नाही. चित्राचंही नुकसान नाही, १०८०ची दुप्पट म्हणजे बरोब्बर २१६०.

मग टीव्हीकडे वळ. गेम मोड चालू कर. बहुतेक टीव्हींमध्ये तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा असतो. सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर चालू केला आणि लॅपटॉप दुसऱ्यात खोचला तर काही उपयोग नाही. गेम मोड नसताना टीव्ही येणारं प्रत्येक चित्र धरून ठेवतो, आवाज काढतो, कडा धारदार करतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं घुसवतो. यात सहज ८०-१०० मिलिसेकंद जातात, म्हणजे गेमची पाच-सहा चित्रं. गेम मोडमध्ये साधारण १०-२०वर येतं. इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवायची सोय असेल तर तेही कर, काही टीव्ही त्या नावावरूनच बाकीची प्रक्रिया बंद करतात.

पांढरट रेघ म्हणजे शार्पनेस. सिनेमाच्या चित्रात ती खपून जाते, पिक्सेल आर्टमध्ये प्रत्येक काळ्या कडेला पांढरी झालर लागते. शून्यावर आण. काही टीव्हींचा मध्यबिंदू शून्य नसतो, तिथं शून्य केल्यावर चित्र उलट धूसर होतं. मग हळूहळू वाढवत झालर दिसायच्या आधी थांब.

उरला कंट्रोलर. यूएसबी वायर लाव. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झ वायफाय जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच कार्डावर असतात, मागं एखादं डाउनलोड चालू असलं की कंट्रोलरचे सिग्नल रांगेत उभे राहतात. ब्लूटूथचा उशीर एकसारखा असता तर हातानं जुळवून घेतलं असतं. तो कमी-जास्त होत राहतो, खरा त्रास तो.

आणि हे सगळं मोजून कर, 'वाटतं' यावर जाऊ नको. फोनचा स्लो मोशन कॅमेरा २४०वर लाव. एकाच चौकटीत अंगठा आणि पडदा दोन्ही येऊ दे. जंपचं बटण दाब, मग व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत बटण तळाला गेल्यापासून केंजीचे पाय सुटेपर्यंतची चित्रं मोज. एक चित्र ४.१७ मिलिसेकंदांचं. पाच-सहा उड्या मोजून सरासरी घे, कारण पडदा आणि गेम यांचा ताल दर वेळी थोडा पुढंमागं असतो. फोनवर ९६० लिहिलं असलं तरी २४०च वापर, बरेच फोन ९६०मधली चित्रं आपल्या मनानं बनवतात.

भरीत_पार्टी

भुसावळ_जंक्शन यांनी बोर्ड उघडून दाखवला, आता मी अंगठ्याकडे येतो. स्टिकवर खेळत असशील तर सोड, डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या चौफुली बटणावर, ये. हा आठ दिशांचा गेम, स्टिक तिरकी गेली की अर्ध्या वेळा वरची दिशा लागते.

डी-पॅडही चिकट झालेला असेल तर डावं दाबल्यावर वरचं सोबत लागतं. कंट्रोलर उघडायचा, रबराच्या चकत्यांखालचे काळे कार्बनचे ठिपके आणि पाटीवरचे संपर्क कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानं पुसायचे, दहा मिनिटं वाळू द्यायचे. पेट्रोल, थिनर लावू नका, प्लास्टिक आणि कार्बन दोन्ही जातात. आणि वांग्याच्या भरिताचं तेल बोटाला असताना कंट्रोलर उचलू नये, हा खान्देशापुरता जादा नियम.

दोनशे-तीनशे रुपयांचा साधा यूएसबी पॅड असला तर स्टीमच्या (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या पानावर जाऊन 'स्टीम इनपुट' चालू करा. हे पॅड जुन्या डायरेक्ट-इनपुट पद्धतीचे असतात, नवे गेम एक्स-इनपुट शोधतात, म्हणून पॅड लावूनही गेमला तो दिसत नाही.

अंमळनेर_प्लेअर_टू

भाऊ, चोर तिथंच होता. डेस्कटॉप मोड १०८० आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल २१६०, ३० हर्ट्झ. 'लिस्ट ऑल मोड्स'मधून बदललं.

मोजणी देतो. लॅपटॉपच्या पडद्यावर बटणापासून उडीपर्यंत सरासरी १९ चित्रं, म्हणजे ७९ मिलिसेकंद. टीव्हीवर आधीच्या जोडणीत ५२ चित्रं, २१७ मिलिसेकंद. ६० हर्ट्झ केल्यावर ४३. गेम मोड लावल्यावर २७. ब्लूटूथ काढून वायर लावली तर २४, म्हणजे १०० मिलिसेकंद.

साधी उडी आता हातात आली. गिलोटिन बूस्ट एकाच शत्रूवर जमतं, पण खड्ड्यावर उडणारे तीन-चार एकामागून एक असतात तिथं दुसऱ्या-तिसऱ्याला चुकतं. लॅपटॉपच्या पडद्यावरही तिथं चुकतं, म्हणजे ते टीव्हीचं नसावं. व्ही-सिंक, म्हणजे गेमची चित्रं पडद्याच्या तालाशी बांधणारी सोय, बंद करून बघू का?

धुळे_१६बिट

व्ही-सिंक बंद केलं तर एखाद-दुसऱ्या चित्राचा फायदा होईल, पण पडदा आडवा फाटलेला दिसतो. सेकंदाला ६० चित्रांच्या आडव्या सरकत्या गेममध्ये ते डोळ्याला फार खुपतं. १०० मिलिसेकंदांवर आला आहेस, आता राहू दे. उरलंय ते बटणाच्या सवयीचं.

या गेमला २००४च्या एक्सबॉक्सवाल्या त्रिमितीय निंजा गायडेनसारखं खेळायचं नाही, आणि १९८८च्या फॅमिकॉमवाल्यासारखंही (कॅसेटचं जपानी टीव्ही गेम यंत्र) नाही. बनवलाय स्पेनच्या सेव्हिलमधल्या द गेम किचननं, प्रकाशक फ्रान्सचे डॉटइमू, परवाना कोई टेक्मोचा. गोष्ट जुन्या गेमच्या वेळचीच: र्यू हायाबुसा बापाच्या मागावर अमेरिकेला गेलाय, गाव राखायला त्याचा चेला केंजी मोझू. पुढं शत्रूपक्षातली ब्लॅक स्पायडर टोळीची कुमोरी त्याच्या अंगात येते आणि दोघांची हत्यारं एका हाताला लागतात. खेळाचा सगळा ताल या जोडीवर बेतलेला आहे.

गिलोटिन बूस्टमध्ये लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, हल्ल्याचं बटण सोबत दाबतात. हवेत असताना फक्त जंप दुसऱ्यांदा दाबायचं. आधी तलवार चालली की शत्रू मरतो, पायाखाली काही उरत नाही आणि तू खड्ड्यात. दोन, दुसऱ्यांदा दाबण्याची घाई. उसळी लागल्यावर केंजी वर जातो, तेव्हाच पुढच्या शत्रूसाठी जंप दाबलं तर ती दाब हवेत जाते. वर जाताना बोट बटणावरून पूर्ण उचल, खाली यायला लागल्यावर आणि अंगाला अंग भिडता भिडता दाब. साखळीत पहिली उसळी सगळेच नीट घेतात, दुसरीला बोट अर्धवट उचललेलं असतं म्हणून चुकतं. तुझं 'दुसऱ्या-तिसऱ्याला' हेच सांगतंय. बूस्ट फेकून मारलेल्या हत्यारावरही लागतं, नुसत्या शत्रूवर नाही. समोरून काही भिरभिरत आलं की मागं सरकायची सवय मोड, ती पायरी समज.

आता हायपरचार्ज. निळं वलय असलेल्या शत्रूला तलवारीनं मारायचं, गुलाबी वलयवाल्याला कुनाईनं, म्हणजे कुमोरीच्या फेकायच्या सुऱ्यानं. बरोबर हत्यारानं मारलं तर पुढचा एक वार असा बसतो की मोठा धटिंगणही एका फटक्यात आडवा. चुकीच्या हत्यारानं मारलं तर शत्रू मरतो, चार्ज मिळत नाही. निर्मात्यांनी निळा-गुलाबी शत्रू बहुतेक वेळा त्या मोठ्याच्या आधीच उभा केलेला असतो. म्हणजे क्रम आखून दिलेला आहे, ओळखायचा तेवढा. पडद्याच्या कडेला रंग दिसला की कुठलं बोट पुढं आणायचं ते तिथंच ठरव. शत्रू अंगावर आल्यावर ठरवायला बसलास तर गेला. चार्ज हुकला तर स्वतःची थोडी लाइफ देऊन बटण धरून तो तयार करता येतो, पण बॉससमोर ही खैरात परवडत नाही.

भिंतीबद्दल एक. १९८८च्या पहिल्या गेममध्ये र्यू भिंतीला चिकटायचा, पण शिडी नसेल तर वर चढता यायचं नाही, समोरासमोरच्या दोन भिंतींवर उड्या मारतच जावं लागायचं. चढणं १९९०च्या दुसऱ्या भागात आलं. रेजबाउंडमध्ये केंजी भिंतही चढतो आणि छतालाही लटकतो. जुन्या सवयीनं लोक वर बघतच नाहीत आणि वरच्या वाटा सोडून पुढं जातात.

तापीकाठ

'जुना गेम सोपा होता का' याला कुणी हात लावला नाही. साफ खोटं आहे. मूळ निंजा गायडेनची स्टेज ६-२ ज्यानं पक्ष्यांसकट पार केली त्यानं तरी असं म्हणू नये. शत्रू त्याच्या जागेचा बिंदू पडद्याच्या कडेला आला की जन्माला यायचा. मारून एक पाऊल मागं सरकलात की बिंदू पुन्हा कडेवर आणि शत्रू पुन्हा हजर. धक्का लागला की र्यू मागं फेकला जायचा, थेट खड्ड्यात. शेवटच्या बॉसकडून हरलं की खेळ ६-१ला नेऊन बसवायचा. कंटिन्यू अमर्याद होते म्हणून लोक टिकले, एवढंच.

मग हाताला तो सोपा का आठवतो? तीन कारणं आहेत आणि तिन्ही यंत्रातली.

पहिलं, आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झ. जपान-अमेरिकेतला एनटीएससी, ६० हर्ट्झ. फॅमिकॉमचे गेम पडद्याच्या तालावर चालतात, प्रत्येक चित्राला हिशोब एक पाऊल पुढं. गल्लीबोळात मिळणारे चिनी टीव्ही गेम आपल्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर चालायचे, म्हणजे तोच गेम एक षष्ठांश संथ. एक चित्र १६.७ऐवजी २० मिलिसेकंद. निंजा गायडेन, कॉन्ट्रा, मारिओ, सगळंच. तुमचा अंगठा त्या संथ गेमवर घडलाय.

दुसरं, काचेचा जाडजूड टीव्ही चित्र साठवून ठेवत नव्हता. सिग्नल येईल तशी रेघ पडद्यावर. प्रक्रियेचा उशीर जवळजवळ शून्य. आजचा गेम मोड त्याच्या जवळ जातो, बरोबरी करत नाही.

तिसरं, पडद्यावर गर्दी झाली की जुनं यंत्र दमायचं आणि सगळा खेळ हळू व्हायचा. एका आडव्या रेघेत आठच्या वर स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, बसत नाहीत, म्हणून गर्दीत शत्रू लुकलुकायचे, पण त्या संथपणात विचाराला वेळही मिळायचा. नव्या गेमला हे बंधन नाही. मुद्दाम ते लुकलुकणं परत आणलं २००८च्या मेगा मॅन ९नं, तिथं तशी वेगळी सोयच दिली होती. बाकी बहुतेक रेट्रो गेम दिसायला आठ-सोळा बिटचे आणि पोटातून आजचे. २०१४च्या शॉव्हेल नाइटनं रुंद पडदा घेतला, रंग जास्त घेतले, लुकलुकणं टाकलं. माझ्या मते तेच शहाणपणाचं. आठवणीतला गेम परत आणायचा असतो, यंत्राच्या खोड्या परत आणून काय करायच्या?

भुसावळ_जंक्शन

तापीकाठ, पहिल्या कारणाशी शंभर टक्के सहमत. शेवटच्या वाक्याशी नाही. खोड्यांशिवाय गेम कधी कधी पुळचट होतो. मागं गेल्यावर शत्रू पुन्हा यायचा म्हणून तर निंजा गायडेन न थांबता खेळायची सवय लागली. रेजबाउंडनं ती खोड काढली, पण पुढं रेटत राहण्याचं कारण वेगळ्या मार्गानं ठेवलं: रंगीत शत्रूचा क्रम, उसळीच्या साखळ्या, स्टेजच्या शेवटी मिळणारी श्रेणी. हे त्यांना जमलंय. सगळ्यांना जमत नाही.

मूळ गेम ज्यांना एमुलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) बघायचाय त्यांनी एनटीएससीच ठेवावं, आणि पडद्यावर पूर्ण पटीतच मोठं करावं. २४० ओळींची तिप्पट ७२०, नऊपट २१६०. १०८०ला साडेचारपट होते, म्हणून काही पिक्सेल चार ओळींचे, काही पाचचे होतात आणि सरकताना चित्र लाटेसारखं हलतं. तिथं चारपट घेऊन वर-खाली काळी पट्टी राहू द्यावी. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीचा पडदा मुळात १३६६ बाय ७६८चा, त्यावर ७२० पाठवा नाहीतर १०८०, टीव्ही स्वतःच्या हिशोबानं ताणतोच. तिथं पिक्सेल काटेकोर दिसायची आशा सोडा.

जळगाव_तापलंय

दुपारचं मी सांगतो. बाकीच्यांकडे एसी दिसतो.

लॅपटॉपचा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतो. समजा खेळताना खोलीपेक्षा ५६ अंशांनी वर. डिसेंबरच्या रात्री खोली २४ला, प्रोसेसर ८०ला. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४४-४५ आणि पत्र्याखालची नाहीतर स्लॅबखालची खोली ४२ धरा, प्रोसेसर ९८ला. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची. तिथं पोचला की तो जीव वाचवायला वेग पाडतो, थंड झाला की परत वाढवतो. हा वर-खाली खेळ म्हणजे तुझं अडखळणं. रात्री होत नाही याचा अर्थ गेम, रॅम, विंडोज सगळं ठीक शे.

फुकटातला उपाय आधी. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'. प्लग्ड इनला १००चं ९९ कर. एक टक्क्यानं काय होतं असं वाटेल, पण ९९ केलं की टर्बो बूस्ट बंद पडतो आणि प्रोसेसर मूळ वेगावर राहतो. तापमान बरंच खाली येतं. पिक्सेलवाल्या द्विमितीय गेमला तो वेग बहुधा पुरतो. नाही पुरला तर परत १००, नुकसान काही नाही. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते, मग उत्पादकाच्या अ‍ॅपमधला 'सायलेंट' किंवा 'कूल' मोड लावायचा.

मग साफसफाई. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक आणि जिनिंगच्या हंगामात हवेत कपाशीचे तंतू. दोन्ही मिळून पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. मागचं झाकण काढायचं, बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवायचा, पंखा उचलायचा आणि थर चिमट्यानं अख्खा ओढून काढायचा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पात्यात काडी अडकवून तो धरून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं गरगर फिरून बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांत वाळून पापुद्रा होते. जुनी अल्कोहोलनं पूर्ण पुसून नवी तुरीच्या अर्ध्या डाळीएवढीच लावायची. जास्त लावली तर बाजूनं बाहेर येते, थंड जास्त होत नाही. स्क्रू कोपऱ्यातून तिरक्या जोडीनं थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू पहिली घट्ट केली तर दुसरीकडे फट राहते.

कूलरबद्दल. कोरड्या मेमध्ये कूलर खोली चांगलीच उतरवतो, जरूर लावा, पण लॅपटॉप त्याच्या झोतात ठेवू नका. तट्ट्यातून बारीक थेंब उडतात आणि बोअरचं पाणी क्षाराचं. थेंब वाळला की पांढरा क्षार पाटीवर राहतो, पुढं दमट हवेत तोच संपर्क जोडतो. झोताच्या बाजूला, खिडकी उघडी, खाली दोन पुस्तकं लावून मागची कड बोटभर उचललेली. गादीवर तर नाहीच नाही.

धुळे_१६बिट

दोघांसाठी: रेजबाउंड एकट्याचाच आहे. केंजी आणि कुमोरी दोन दिसतात पण कंट्रोलर एकच. चुलतभाऊ बसवायचे तर कॉन्ट्रा: ऑपरेशन गालुगा बघ, मार्च २०२४, वेफॉरवर्डनं बनवला, कोनामीचा. पहिल्या कॉन्ट्राचीच नवी मांडणी. स्टोरी मोडमध्ये दोघं, आर्केडमध्ये चौघं, एकाच पडद्यासमोर. दोन हत्यारं सोबत ठेवता येतात, दुहेरी उडी आहे. एका गोळीत मरायचं की लाइफची पट्टी ठेवायची ते निवडता येतं, नवख्या भावाला पट्टी दे. हा मात्र पिक्सेलचा नाही, त्रिमितीय चित्रांचा आहे. तुझ्या आतल्या ग्राफिक्सवर तो रेजबाउंडपेक्षा जड जाईल, रिझोल्युशन ७२०ला आणायची तयारी ठेव.

घेऊन बघायला भीती नको. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. गेम उघडा ठेवून जेवायला गेलास तरी घड्याळ चालू राहतं, तेवढं लक्षात ठेव.

अंमळनेर_प्लेअर_टू

९९ टक्के केलं, दुपारी अडीचला बसलो, अडखळला नाही. बोट पूर्ण उचलायचं तेही लागू पडलं, चारची साखळी निघते आता. झाकण उघडायला दिवाळीच्या सुट्टीत बसेन.

एकच राहिलं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मधेच लाइट जाते. टीव्हीला स्टॅबिलायझर घेऊ का?

जळगाव_तापलंय

टीव्हीच्या मागचा कागद वाच. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पडलेल्या व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही, आतला पुरवठा ते सांभाळून घेतो. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरचंही तेच. नुकसान होतं लाइट परत येते त्या क्षणी, उसळी येते तेव्हा. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड घे आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घे. अर्थिंग नसेल तर तो बोर्ड पूर्ण संरक्षण देत नाही.

इन्व्हर्टरवर टीव्ही असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर कर. साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ लागतो त्यात टीव्ही बंद होऊन परत सुरू होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, पण बॅटरीवर विंडोज वेग कमी करतं, म्हणून बॉसच्या मधोमध लाइट गेली तर पॉझ कर. राउटर बंद पडला तरी गेम थांबत नाही, पण दुसऱ्या दिवशी नेट नसताना स्टीम उघडायचं असेल तर आज नेट असताना एकदा गेम सुरू करून ठेव आणि स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन' कर. लाइट आल्यावर क्लाउड सेव्ह (नेटवर साठवलेली खेळाची नोंद) जुनी की नवी असं विचारलं तर तारीख-वेळ बघूनच निवड, घाईत जुनी निवडलीस तर खेळलेली स्टेज पुसली जाते.